कच्च्या सिग्नलमधला ठिपका

एमआरआय मशीन फोटो काढत नाही, हे मला पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत नीट कळलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते, पण कळलं नव्हतं. एक मोठा कॅमेरा आहे, माणूस आत जातो आणि त्याच्या मेंदूचा नाहीतर मणक्याचा फोटो बाहेर येतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आबांनाही मी फोनवर तसंच सांगायची.

"फोटोच म्हणायचा की मग," आबा म्हणायचे.

"हां, फोटोच."

खरं काय ते मला इंटर्नशिपमध्ये कळलं. ज्या कारणानं कळलं ते सांगायला अजून थोडं अवघड जातं, पण सांगते.

आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आम्ही कन्नड तालुक्यातले, मेंढरांवाले. आता मेंढरं थोडीच राहिलीत. आबा ती राखतात, माय दुसऱ्याच्या शेतात कामाला जाते. मी संभाजीनगरला इमेजिंगच्या पदवीला आले. तीन वर्षं वर्गात, आणि मग सहा महिने एखाद्या स्कॅन सेंटरवर काम. ते सहा महिने संपले की तिथल्या डॉक्टरांची एका फॉर्मवर सही घ्यायची. सही असेल तर पदवी, नाहीतर नाही. तो फॉर्म मी पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता.

राहायला पुंडलिकनगरला एका घराच्या गच्चीवरची खोली होती. दोघींत घेतली होती. दिवाळीनंतर माझ्याबरोबरच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती सामान घेऊन गेली. मालकीणबाई चांगल्या होत्या, पण खालच्या मजल्यावर असायच्या. वर्गातल्या मुली वेगवेगळ्या सेंटरवर विखुरल्या. मेसचा डबा दाराला अडकवलेला असायचा, तो देणारा माणूसही मी कधी पाहिला नाही. एकदा रविवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की शनिवारी सेंटरवरून निघाल्यापासून मी कुणाशी एक शब्दही बोललेले नाही. आवाज आहे का बघावं म्हणून मी उगाच खोकून पाहिलं.

त्यामुळं सेंटरवर जायला मला आवडायचं. तिथं आम्ही तिघंच असायचो. डॉक्टर मॅडम, ज्या वरच्या मजल्यावर बसून चित्रं वाचायच्या आणि रिपोर्ट लिहायच्या. सीनियर टेक्निशियन, ज्यांना मी सर म्हणायची. आणि मी. सर शहरातलेच, जुन्या भागातले. बोलताना मराठीत सुरू करायचे आणि कुठंतरी दखनीत उतरायचे. मला त्यांनी पहिल्या आठवड्यातच नाव पाडलं, कन्नडवाली.

"ए कन्नडवाली, पेशंट को पूछा क्या, अंगात कुठं लोखंड-बिखंड आहे का?"

"विचारलं सर. नाही म्हणतात."

"नाही म्हणतात! मागच्या वर्षी एक काका नाही म्हणाले, आणि खिशातून अडकित्ता निघाला. पुन्हा विचार."

माझं काम पेशंटला आत नेण्याचं. दागिने काढायला सांगायचे, सेंटरचा गाऊन द्यायचा, हातातलं छोटं लोहचुंबक अंगावरून फिरवून बघायचं, टेबलावर झोपवायचं, जो भाग बघायचा त्याच्यावर कॉइल बसवायची. कॉइल म्हणजे शरीरातून येणारा सिग्नल ऐकणारा अँटेनाच, डोक्याला पिंजऱ्यासारखा, गुडघ्याला नळीसारखा. मग अंगावर पांढरी चादर टाकून मी बाहेर यायची आणि काचेपलीकडे सरांच्या शेजारी बसायची. माइकवर बोलायचं कामही त्यांनी मलाच दिलं होतं. "हलू नका. श्वास घ्या. सोडा. थांबा." कधीकधी दिवसभरात मी बोललेली सगळ्यात जास्त वाक्यं हीच असायची.

मशीनसाठी ती खोली फार गार ठेवावी लागते, आणि चादर पातळ. म्हातारी माणसं आत कुडकुडायची. डिसेंबरात गंगापूरकडच्या एक आजी आल्या होत्या, डोकं दुखतंय म्हणून. त्या इतक्या कापत होत्या, की तीनदा स्कॅन घेऊनही चित्र धड येईना. नाकाच्या, डोळ्यांच्या सावल्या मेंदूवरून पुन्हा पुन्हा उमटत होत्या. मॅडमनी वरून फोन करून विचारलं, "खाली कुणी पेशंट नीट झोपवतंय का नाही?" मला रडू आलं. सरांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"बघ, ही मशीन एकदम फोटू नाय काढत. शरीरातल्या पाण्याला रेडिओचा एक धक्का देती, मग गप बसून ऐकती. पाणी उत्तर देतं, लई बारीक आवाजात. एका वेळी एकच ओळ ऐकू येती. ती ओळ लिहून घेतली की पुन्हा धक्का, पुन्हा एक ओळ. असं दोनशे, तीनशे ओळी. समजा अर्ध्या ओळी भरल्या आणि आजी हलल्या. मग उरलेल्या अर्ध्या ओळी कुणाच्या?"

"आजींच्याच."

"नाय. त्या दुसऱ्याच आजीच्या. आणि कॉम्प्युटर बिचारा दोन आज्या एकमेकींत शिवून टाकतो."

मी हसले. पण मला ते पहिल्यांदा समजलं. चित्र नंतर बनतं. आधी नुसत्या ओळी असतात, त्यांना कच्चा डेटा म्हणतात, आणि त्या भरत असताना माणसानं गप पडून राहायला हवं. गप पडून राहायचं तर ऊब हवी.

दुसऱ्या दिवशी मी माझी घोंगडी घेऊन गेले.

ती आमच्याच मेंढरांच्या लोकरीची होती, गावातल्या विणकरानं विणलेली, काळी. दिवाळीत आबांनी दिली होती. खोलीवर मी तीच पांघरायची. मी ती धुतली, वाळवली, लोहचुंबक दोन्ही बाजूंनी फिरवून तपासली. मशीनच्या खोलीत कुठलीही वस्तू न विचारता न्यायची नाही, असा नियम दारावरच लिहिलेला होता. पण मला वाटलं, हे पांघरूण आहे, वस्तू नाही. खरं सांगायचं तर विचारायची मला लाज वाटली. घोंगडीला वास असतो. आम्हाला तो कळत नाही, शहरातल्या माणसांना लगेच कळतो. वर्गात पहिल्या वर्षी एका मुलीनं माझ्या शेजारून उठून दुसरीकडं बसताना नाक दाबलं होतं. म्हणून मी घोंगडी पेशंटच्या अंगावर टाकायची आणि तिच्यावरून पांढरी चादर नीट, चारही बाजूंनी खोचून घ्यायची. काचेतून फक्त चादर दिसायची. काम झालं की घोंगडी पिशवीत घालून कपडे बदलायच्या खोलीत, गाऊनच्या कपाटामागं.

सगळ्यांना नाही द्यायची. जी माणसं कुडकुडत असतील त्यांनाच. आणि ती खरंच कुडकुडायची थांबायची. सर म्हणायला लागले, "कन्नडवालीच्या हाताला गुण आहे. हिचे पेशंट हलतच नाहीत." मॅडमनीही एकदा जिन्यात थांबून, "चांगलं काम आहे," असं म्हटलं. ते तीन शब्द मी संध्याकाळी आबांना फोनवर सांगितले. घोंगडीचं मात्र सांगितलं नाही. का, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं.

गंगापूरच्या त्या आजी जानेवारीत परत आल्या. मी त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली तशी त्यांनी चादरीखालून हात घालून ती चाचपली.

"गं माय, ही घोंगडी हाय व्हय?"

"हो आजी. हळू बोला."

"हळू का गं? चोरून आणली का काय?"

"नाही हो, घरची आहे. आमच्या मेंढरांची."

"मंग हळू कशाला बोलायचं?" त्या डोक्याला कॉइल लावलेली असतानाच हसल्या. "लई दिवसांनी अंगावर आली बघ. आता झोप लागंल मला."

मी चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि बाहेर आले.

फेब्रुवारीत चित्रांवर धारी यायला लागल्या.

आधी एका गुडघ्यावर, मग एका मेंदूवर. सगळ्या चित्रावरून तिरप्या, एकसारख्या अंतरावरच्या फिक्या रेघा, जाड कॉर्डरॉयच्या कापडावर असतात तशा. प्रत्येक चित्रात नसायच्या. दहा चित्रं स्वच्छ आणि अकराव्यावर धारी. त्या धारींखाली काही आजार लपला असेल तर दिसणार नाही, म्हणून मॅडम ते स्कॅन परत करायला लावायच्या. सरांनी मशीन बंद करून चालू केली, कॉइल बदलून बघितली. मग पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला. तरुणच होता, चहात बिस्किट बुडवून खात खात त्यानं कीबोर्ड पुढं ओढला.

तो म्हणाला, चित्र बघून काही कळत नाही, कच्चा डेटा बघू. चित्र तयार झालं की मशीन कच्चा डेटा आपोआप पुसून टाकते, त्यामुळं तो मी कधी पाहिलाच नव्हता. त्यानं एक स्कॅन नव्यानं घेतला, डेटा जपून ठेवला आणि पडद्यावर उघडला.

काळा चौकोन होता. मधोमध झगझगीत उजेड, आणि तो कडेकडे विरत गेलेला, शेवटी नुसती राखाडी धूळ. मी डोकं कुठं दिसतंय ते शोधत होते.

"डोकं नाही दिसणार," तो म्हणाला. "हा मधला उजेड म्हणजे ढोबळ भाग, कुठं काळं, कुठं पांढरं. कडेची धूळ म्हणजे बारकावे, काठ. आणि यातला एकेक ठिपका चित्रातल्या एकेका जागेचा नसतो. प्रत्येक ठिपका सगळ्या चित्रभर असतो. तो एक लाट आहे असं समजा. अशा हजारो लाटा एकमेकींत मिसळल्या की डोकं तयार होतं. ते गणित कॉम्प्युटर करतो."

मग त्यानं बोट ठेवलं. धुळीत, मध्यापासून बरंच दूर, एक पांढरा ठिपका होता. आजूबाजूला काही नाही, आणि तो एकटाच चमकत होता.

"हा पेशंटचा नाही. सिग्नल ऐकत असताना कुठंतरी ठिणगी पडली, क्षणभर. कॉइलनं तीही ऐकली. एक ठिपका खोटा, आणि धारी सगळ्या चित्रावर."

त्यानं माउसनं तो ठिपका पुसला आणि चित्र पुन्हा बनवलं. धारी गेल्या.

"झालं की मग!" सर म्हणाले. "रोज पुसत जाऊ."

"आणि पुसताना पेशंटचं खरं काही पुसलं गेलं तर? सही कोण करणार त्या रिपोर्टवर?"

इंजिनिअर पुढं म्हणाला, मशीनची खोली चारही बाजूंनी तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली असते, दार लागलं की बाहेरचा कुठलाही सिग्नल आत येत नाही. म्हणजे ठिणगी आतच पडते आहे. त्यानं दिवे बदलले, टेबलाचे स्क्रू आवळले. आम्हा दोघांना विचारलं, "आत नवीन काही आणलंय का? गादी, दिवा, काहीही?"

"कुछ नहीं," सर म्हणाले.

मीही मान हलवली. तेव्हा मला खरोखर घोंगडी आठवली नाही. मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, आणि दर वेळी उत्तर तेच येतं. घोंगडी मला नवीन वाटतच नव्हती.

जाता जाता त्यानं भिंतीवरचं हवेतला ओलावा मोजायचं यंत्र पाहिलं आणि शेजारची वही उघडली. ओलाव्याचा आकडा दिवसातून दोनदा लिहायचा असतो. सरांनी महिनाभर एकच आकडा लिहिला होता, एकाच पेननं.

"रोज पंचेचाळीस?"

"रोज तेवढाच असतो साहेब."

"फेब्रुवारीत? या शहरात? आत्ता बघा किती आहे."

खूप कमी होता. हवा इतकी कोरडी असेल तर खोलीत वीज साठते, तो म्हणाला. कारण कदाचित हेच असेल, कदाचित आणखी काही. ओलावा वाढवायचं मशीन बसवा, कच्चा डेटा आठवडाभर साठवून ठेवा, मी पुढच्या आठवड्यात परत येतो.

मॅडमनी ती वही वर मागवली. सर खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "पुढच्या भेटीत कारण ही वहीच निघाली, तर दुसरा माणूस बघते म्हणाल्या." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटचा फॉर्म वाचायला लागले. मला कन्नडवाली म्हणून हाकही मारली नाही.

साठवलेला डेटा बघायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं. "माझे डोळे थकले. तू बघ, तू शिकलेली आहेस." मी दुपारी डबा खाऊन त्या काळ्या चौकोनांसमोर बसायची. एकेक उघडायचा, उजेड, धूळ, पुढचा. कुणाचा मेंदू, कुणाचा मणका, ओळखू येत नव्हतं. सगळे सारखेच दिसायचे. त्यातून चुकार ठिपका शोधायला मला फार वेळ लागायचा नाही. आबा कळपावरून नुसती नजर फिरवून दुसऱ्याचं मेंढरू शिरलंय का ते सांगतात. मला तसं कधी जमलं नव्हतं, पण इथं जमत होतं आणि मला त्याचा आनंद होत होता. हे खरं आहे, तेव्हा मला आनंद होत होता.

ठिपके सात स्कॅनमध्ये सापडले. दर वेळी वेगळ्या जागी. मी सातही नंबर कागदावर लिहिले आणि रजिस्टरमध्ये कोण कोण आहे ते बघायला लागले. रिटायर झालेले मास्तर, गुडघा. बाळंतपणानंतर डोकं दुखणारी मुलगी. पाठीच्या दुखण्यानं आलेल्या दोन मावश्या. नाव वाचलं की चेहरा आठवायचा, चेहरा आठवला की त्यानं आत काय म्हटलं ते आठवायचं. "लई गारठा आहे गं इथं." "बाई, अजून एक चादर दे." मग मी ज्यांच्या डेटात ठिपका नव्हता ती नावं वाचली. त्यात मी घोंगडी दिलेला एकही चेहरा मला आठवेना.

मी कागदाची घडी घातली.

लहानपणी आम्ही भावंडं हिवाळ्यात घोंगडीत डोकं खुपसून ती झटक्यात ओढायचो. आत तडतड व्हायची, बारीक निळ्या ठिणग्या उडायच्या, आणि केस उभे राहायचे. तो आमचा खेळ होता. आता सेंटरचे गाऊन टेरिकॉटचे होते, घोंगडी लोकरीची, हवा वाळलेली. आत टेबल थरथरतं, माणूस श्वास घेतो, कापडावर कापड घासतं. डिसेंबरात हवेत ओल होती म्हणून काही झालं नाही. हे सगळं मला एका मिनिटात कळलं, आणि त्यानंतर तीन दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही.

मी नियम मोडला होता. इंटर्नशिप संपायला दोन आठवडे होते. मॅडमनी सही केली नाही तर आबांना काय सांगायचं? आणि मी काही बोलले नाही तर काय होणार होतं? घोंगडी घरी न्यायची, धारी थांबतील, ओलावा वाढवायच्या मशीननं थांबल्या असं सगळे म्हणतील. म्हणजेच कारण वहीच होती असंही म्हणतील. सर त्या तीन दिवसांत ओलाव्याचे आकडे तासातासाला लिहीत होते. वहीत वाकून, चष्मा कपाळावर चढवून. मी त्यांच्या शेजारी बसून माइकवर बोलत होते. हलू नका. श्वास घ्या. सोडा.

तिसऱ्या संध्याकाळी आबांना फोन केला.

"आबा, घोंगडीतून ठिणग्या निघतात ना?"

"निघत्यात की. हवा वाळली की लई निघत्यात. का गं, चटका बसला का?"

"नाही."

मागं मेंढरांचा आवाज येत होता. मग आबा म्हणाले, "घोंगडीला कुणी नावं ठेवतंय का तिकडं?"

"नाही आबा. कुणीच काही म्हणत नाही."

"मंग वापर की बिनघोर."

मी फोन ठेवला. नावं ठेवायला ती कुणाला दिसली तर पाहिजे होती. दोन महिने ती रोज माझ्याबरोबर सेंटरवर येत होती आणि ती तिथं आहे हे मी सेंटरच्या एकाही माणसाला कळू दिलं नव्हतं.

इंजिनिअर आला त्या सकाळी मी पिशवी घेऊन सरळ मॅडमच्या खोलीत गेले. सर आणि इंजिनिअर तिथंच बसले होते. मी घोंगडी बाहेर काढली आणि सांगितलं. कधीपासून, कुणाला, चादरीखालून. सात नंबरांचा कागद टेबलावर ठेवला. मी तो तीन दिवस लपवला हेही सांगितलं, कारण कागदावर तारीख होती.

कुणी ओरडलं नाही. इंजिनिअर घोंगडी हातात घेऊन म्हणाला, "करून बघू. कुणीतरी आत झोपायला पाहिजे."

"मी झोपतो," सर म्हणाले.

आम्ही चौघं खाली आलो आणि त्यांनी गाऊन घातला. मी त्यांच्या डोक्याला कॉइल बसवली, अंगावर घोंगडी टाकली. वरून चादर टाकली नाही. काळी घोंगडी काचेतून सगळ्यांना दिसत होती. मी माइकवर म्हणाले, "सर, पाय थोडे हलवत राहा." स्कॅन झाला. इंजिनिअरनं डेटा उघडला आणि मी त्याच्याआधी बोट ठेवलं. एक ठिपका इथं. दुसरा तिथं. मग घोंगडी काढून पुन्हा स्कॅन घेतला. उजेड, धूळ, बाकी काही नाही.

"लोकर आणि कोरडी हवा, दोन्ही मिळून," इंजिनिअर मॅडमना म्हणाला. "एकट्या वहीमुळं नाही."

मॅडमनी सरांना पुढं काही म्हटलं नाही. मला म्हणाल्या, "तुझी सही दोन आठवड्यांनी होणार नाही. आणखी एक महिना काम करायचं, आणि मशीनच्या खोलीत एकटीनं जायचं नाही. मग बघू." पुढं त्यांनी विचारलं, "पेशंटला थंडी वाजते तर मला सांगायचं. मी सुती ब्लँकेटं आणली नसती का?"

"आणली असती मॅडम."

सर टेबलावरून उतरून चपला घालत होते. त्यांच्या केसांचा एक झुबका उभा राहिला होता. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तीन दिवस. तीन दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसून होतात."

तुम्ही. तोवर त्यांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

त्यानंतरचा महिना मला फार मोठा वाटला. सुती ब्लँकेटं आली. धारी गेल्या. सर मला सगळं शिकवत राहिले, कुठली ओळ कधी भरते, सिग्नल क्षीण असेल तर तो पुन्हा पुन्हा ऐकून कसा मिळवायचा, छातीच्या स्कॅनमध्ये श्वास कुठं धरायला लावायचा. काहीही चुकवलं नाही त्यांनी. पण "हे बघा", "इथं दाबा", "तुम्हाला समजलं का". मी एकदा म्हणाले, "सर, मला तुम्ही नका म्हणू." ते म्हणाले, "तुम्ही आता स्टाफसारख्या आहात," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. वर्गातल्या मुलींची इंटर्नशिप संपली होती, त्या आपापल्या गावी गेल्या होत्या. आबांना मी एक महिना जास्त लागेल एवढंच सांगितलं. नंतर एका फोनवर सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "त्या सायबाला म्हणावं, लेकीचं चुकलं." मी सरांना ते सांगायचं ठरवलं होतं. राहून गेलं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी फॉर्म पुढं ओढला. सही केली. खाली शेऱ्याची जागा होती, मला वाटलं ती त्या रिकामी सोडतील. त्यांनी लिहिलं, "न विचारता मशीनच्या खोलीत पांघरूण नेलं, त्यामुळं बिघाड झाला. कारण स्वतः शोधून स्वतःहून सांगितलं. कच्चा डेटा चांगला वाचते." मला फॉर्म देताना म्हणाल्या, "हे तिन्ही खरं आहे. खोडायचं नाही."

खाली सरांचा स्कॅन चालू होता. मी त्यांच्या मागं उभी राहिले.

"झाली सही?"

"हो सर."

"बरं झालं. नीट काम करा कुठंही."

पडद्यावर ओळी भरत होत्या. सुमारे पाच मिनिटं राहिली होती. मी तो स्कॅन संपेपर्यंत थांबले. संपल्यावर ते उठून पेशंटला बाहेर काढायला आत गेले, दार लागलं, मग मी निघाले.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन कॉलेजात गेले. सुट्टी लागली होती, ओळखीचं कुणी नव्हतं. शेऱ्याबद्दल विचारतील म्हणून मी रिक्षातच उत्तर जुळवून ठेवलं होतं, चार-पाच वाक्यांचं, कुठून सुरू करायचं ते सुद्धा. खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म उलटा करून सुलटा केला, सही कुठं आहे ते बघितलं, शिक्का मारला आणि एका गठ्ठ्यावर ठेवला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. नेक्स्ट."

माझ्या मागं कुणी नव्हतं. मी तरी थोडं बाजूला सरकून उभी राहिले, त्यांनी गठ्ठ्यातून तो परत काढून वाचला तर सांगता यावं म्हणून. त्यांनी खिडकी अर्धी ओढून घेतली आणि डबा उघडला. मग मी तिथून निघाले.